जिनिव्हातल्या अजब गोष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की जिनिव्हाला येणाऱ्यांचे निरोप सुरू होतात. पुण्याहून, ठाण्याहून, कधी लंडन किंवा फ्रँकफर्टला राहणाऱ्या मराठी मंडळींकडून. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. एखाद्या उत्तरात अर्धवट वाटेल असं काही असेल तर शेजारी दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे, तिकडे बाकीचं मिळेल.

१. जिनिव्हात बघण्यासारखं खरंच काही आहे का? सगळे म्हणतात बँका आणि ऑफिसं, एक दिवस पुरे.

एका दिवसात कारंजं, घड्याळ आणि खुर्ची यांच्यासमोर फोटो काढून होतात, हे खरं. पण मग शहर हाती लागत नाही. इथल्या बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी एक तर जुनी व्यवहारी गरज असते, नाही तर कोणाला तरी दिलेला शब्द. ते कारण ठाऊक नसेल तर मोर म्हणजे नुसता मोर आणि झाड म्हणजे नुसतं झाड. मी दोन पूर्ण दिवस सांगते, आणि सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा बघायची असेल तर तिसरा. इंटरलाकेन आणि युंगफ्राऊच्या घाईत जिनिव्हा फक्त विमान पकडण्यापुरतं ठेवलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

२. शहरात फिरायला पास कोणता घ्यावा?

हॉटेल, हॉस्टेल किंवा कॅम्पिंगमध्ये उतरलात तर मुक्कामाच्या दिवसांपुरतं शहर वाहतुकीचं कार्ड मोफत मिळतं. त्यावर बस, ट्राम आणि शहराच्या हद्दीतली लोकल गाडी चालते. नातेवाइकांकडे उतरलात तर ते कार्ड मिळत नाही, दिवसाचं तिकीट काढावं लागतं.

याच तिकिटावर मुएत नावाच्या लाल-पिवळ्या छोट्या होड्याही चालतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८९७ पासून या होड्या शहरालगतच्या जिनिव्हा तळ्याच्या दोन काठांमध्ये ये-जा करतात. इथले लोक सकाळी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन त्यांतून कामाला जातात. महागड्या जलसफरीआधी मुएतमधून एकदा पलीकडे जाऊन या, कारंजं पाण्यावरून दिसतं तसं कुठूनच दिसत नाही.

३. ते उंच कारंजं नेमकं कशासाठी बांधलं?

शोभेसाठी नाही, आणि मला ही गोष्ट सांगायला सर्वांत आवडते.

१८८६ मध्ये रोन नदीवर कूलुव्रेनियेर भागात पाणी दाबाने पुरवणारं केंद्र सुरू झालं. घड्याळजी, सोनार आणि छोटे कारखानदार त्या पाण्याच्या दाबावर आपली यंत्रं चालवत. संध्याकाळी काम संपलं की एकेक जण यंत्र बंद करी, आणि कोण कधी बंद करेल याचा केंद्राला पत्ता नसे. नळातला दाब एकदम वाढे आणि पंप थांबवायला माणसं धावत. त्यावर उपाय म्हणून जादा दाबाचं पाणी वर सोडून देणारी एक झडप बसवली. तिच्यातून साधारण ३० मीटर उंच फवारा उडे. म्हणजे संध्याकाळी फवारा उडाला की शहरातल्या कारागिरांची दिवसाची सुट्टी झाली असं समजायचं.

पुढे दाब नियंत्रित करायची दुसरी सोय झाली आणि झडपेची गरज संपली. पण लोकांना फवाऱ्याची सवय झाली होती. १८९१ मध्ये स्विस संघराज्याला ६०० वर्षं झाली त्या वर्षी तो तळ्याच्या तोंडाशी हलवला आणि उंची ९० मीटर केली. आजचं कारंजं १९५१ चं आहे. ते तळ्याचंच पाणी उचलतं, सेकंदाला ५०० लिटर पाणी ताशी २०० किलोमीटर वेगाने बाहेर पडतं आणि १४० मीटर उंच जातं. कोणत्याही क्षणी सुमारे ७ टन पाणी हवेत असतं. पाण्याचा रंग दुधासारखा पांढरा दिसतो तो तोटीतून निघताना त्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळतात म्हणून.

ओ-व्हीव्हच्या बाजूने दगडी धक्क्यावरून कारंज्याच्या पार जवळ जाता येतं. धक्क्याचे दगड कुठे ओले आणि कुठे कोरडे आहेत ते आधी पाहा, म्हणजे वारा कुठला आहे ते कळेल. वारा फिरला की तो अख्खा पांढरा पडदा बाजूला झुकतो आणि दोन-तीन सेकंदांत माणूस नखशिखांत भिजतो. कॅमेरा आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

४. आम्ही गेलो तेव्हा कारंजं बंद होतं. ते कधी चालू असतं?

जोराचा वारा असेल किंवा थंडी गोठवणारी असेल तर बंद ठेवतात, कारण पाणी काठावरच्या रस्त्यावर आणि होड्यांवर पडतं. शरद ऋतूत देखभालीसाठीही काही दिवस बंद असतं. वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि अंधार पडल्यावर काही वेळ दिवे असतात. दिवस वाऱ्याचा असेल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर बंद सापडण्याची शक्यता जास्त.

५. फुलांचं घड्याळ बघायला वेगळं जावं का?

वेगळं नको. कारंज्याकडे चालत जाताना इंग्लिश बागेत ते वाटेतच लागतं. १९५५ चं आहे, व्यास ५ मीटर. सेकंदकाटा अडीच मीटर लांब आहे, त्याचं टोक दर सेकंदाला पाव मीटरहून थोडं जास्त अंतर कापतं. फोटोपेक्षा अर्धा मिनिट त्या काट्याकडे बघत राहण्यात जास्त मजा आहे.

६. तळ्यात काठाजवळ दोन मोठे दगड दिसतात. ते तसेच का ठेवलेत?

त्यांना पिएर द्यु नितों म्हणतात. हिमयुगात रोनच्या हिमनदीने आल्प्समधून ते इथवर वाहून आणले आणि बर्फ वितळल्यावर इथेच टाकले. त्यांतल्या मोठ्या दगडाचं महत्त्व दिसण्यापेक्षा फार मोठं आहे. एकोणिसाव्या शतकात गियोम-आंरी द्युफूर यांनी स्वित्झर्लंडचा पहिला अचूक नकाशा केला, तेव्हा देशभरातली उंची मोजायला हा दगड आधारबिंदू धरला. आजही त्याची मान्य उंची ३७३.६ मीटर आहे आणि स्विस नकाशावरच्या डोंगरांची उंची त्याच्याशी बांधलेली आहे. म्हणजे युंगफ्राऊवर गेलात आणि फलकावर उंचीचा आकडा वाचलात तर त्याचं मूळ इथल्या पाण्यात, बदकं बसलेल्या या दगडात आहे. शेकडो लोक त्याच्याकडे न बघता कारंज्याकडे जातात.

७. जिनिव्हात झाडाला पालवी फुटली की सरकार वसंत ऋतू जाहीर करतं, हे खरं का?

अगदी खरं. जुन्या शहरात त्रेय नावाची उंचावरची झाडांची वाट आहे. तिथल्या चेस्टनटच्या एका ठरावीक झाडावर इथल्या प्रांतिक संसदेच्या सरचिटणीसाची नजर असते. त्याच्या पदाला सोतिये म्हणतात. हिवाळा ओसरायला लागला की तो झाड पाहत राहतो, आणि पहिली कळी उलगडून पान दिसलं की तारीख अधिकृतपणे नोंदवून वसंत आल्याचं जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते.

१८१८ पासून ही नोंद चालू आहे. झाड म्हातारं होऊन गेलं की दुसरं झाड नेमतात, नोंद खंडित होत नाही. दोन शतकं एकाच पद्धतीने लिहिलेल्या तारखा जगात फार थोड्या ठिकाणी असतील, म्हणून हवामानाचे अभ्यासकही या यादीकडे वळतात. पूर्वी पालवी बहुधा एप्रिलच्या आसपास येई, आता ती बरीच आधी येते. २००२ मध्ये तर २९ डिसेंबरलाच पान उघडलं. शहर वाढल्याने झाडाभोवतीची हवा उबदार झाली हेही त्याचं एक कारण आहे. सगळा दोष जगाच्या तापमानवाढीवर टाकता येत नाही, पण तिचा वाटाही नाकारता येत नाही.

एका नोकरदाराने वर्षानुवर्षं झाडाखाली जाऊन मान वर करून बघायचं आणि पुढच्याने ते काम न मोडता चालवायचं, याला मी संस्कृती म्हणते. याच वाटेवर सुमारे १२० मीटर लांबीचं लाकडी बाक आहे, अठराव्या शतकातलं. जगातलं सर्वांत लांब लाकडी बाक म्हणून त्याची ख्याती आहे. डबा उघडायला याहून चांगली जागा जुन्या शहरात नाही.

८. संयुक्त राष्ट्रांसमोरच्या खुर्चीचा एक पाय तुटका का आहे?

भूसुरुंगात पाय गमावलेल्या माणसांची आठवण म्हणून. १२ मीटर उंचीची ही लाकडी खुर्ची दानिएल बेर्से या कलाकाराची. अपंगांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये ती उभी केली, तेव्हा ती फक्त तीन महिने राहायची होती. भूसुरुंगबंदीचा करार ओटावात सह्यांसाठी यायचा होता, आणि राष्ट्रांच्या प्रतिनिधींना आत-बाहेर करताना ती दिसावी एवढाच हेतू होता. लोकांना ती हटवणं मान्य झालं नाही. चौकाच्या कामासाठी मध्यंतरी काढली होती, पण २००७ मध्ये पुन्हा बसवली.

तिच्या थेट खाली जाऊन तुटलेल्या पायाकडे वर बघा. लाकूड चिरफाळून लोंबल्यासारखं कोरलेलं आहे. लांबून काढलेल्या फोटोत ते कळत नाही. १५ नंबरची ट्राम तिथेच जाते.

९. संयुक्त राष्ट्रांच्या आवारात मोर फिरतात असं ऐकलं. भारताने दिले का?

मोर आहेत, पण ते इथे असण्याचं कारण एक मृत्युपत्र आहे. हे सगळं आवार म्हणजे आरियाना बाग, गुस्ताव्ह रेव्हियो या श्रीमंत संग्राहकाची मालमत्ता. १८९० मध्ये वारताना त्यांनी ती शहराला दिली आणि अटींमध्ये बागेत मोर मोकळे फिरत राहिले पाहिजेत असंही घातलं. पुढे तिथे राष्ट्रसंघाची इमारत झाली, मग संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं मुख्यालय, आणि मोर आजही हिरवळीवरून राजदूतांच्या गाड्यांपुढून रस्ता ओलांडतात. बागेचं आणि शेजारच्या संग्रहालयाचं नाव रेव्हियोंच्या आईच्या नावावरून आलं आहे.

आत जायला आगाऊ नोंदणी आणि मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. मोर दिसतीलच याची खात्री देता येत नाही, पण एप्रिल-मेमध्ये त्यांचा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत येतो. आरियाना संग्रहालयाजवळ महात्मा गांधींचा बसलेला पुतळाही आहे, तो मात्र भारताने दिलेला, २००७ चा. तो बघायला नोंदणी लागत नाही.

१०. तळ्याकाठी सिंह आणि कळसांचं देवळासारखं जे काही आहे, ते कोणाचं?

जर्मनीतल्या ब्रन्सविकचा ड्यूक दुसरा चार्ल्स याची समाधी. १८३० मध्ये त्याच्या प्रजेने त्याला हाकलून दिलं, आयुष्य परदेशात गेलं आणि १८७३ मध्ये तो जिनिव्हात वारला. अफाट संपत्ती शहराला दिली, अट एकच: व्हेरोनातल्या स्कालिजेरी घराण्याच्या समाधीसारखी माझी समाधी ठळक जागी बांधा. शहराने बांधली. त्याचा अश्वारूढ पुतळा आधी शिखरावर होता, पण बांधकामाला भार झेपेना म्हणून उतरवून बाजूला ठेवला. उरलेल्या पैशांतून शहरात बरीच कामं झाली, आजचं मोठं ऑपेरागृह त्यांतलंच. मोरांची आणि समाधीची गोष्ट एकाच दुपारी ऐकवली की पाहुण्यांना हे शहर कसं चालतं ते नीट कळतं.

याच काठावर पुढे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा पुतळा आहे. १० सप्टेंबर १८९८ रोजी लुईजी लुकेनी याने धार लावलेल्या कानशीने तिच्या छातीत वार केला. आपल्याला नुसता धक्का बसला असं समजून ती उठली आणि बोटीवर चढली. जखम कळली तोवर उशीर झाला होता.

११. दोन रंगांच्या नद्या एकत्र येतात ती जागा कुठे आहे? तिथे पोहता येतं का?

जागेचं नाव झाँक्सियाँ. तळ्यातून निघालेली रोन निळी-हिरवी आणि नितळ असते, कारण तिचा गाळ आधीच तळ्याच्या तळाशी बसलेला असतो. मों ब्लांच्या हिमनद्यांकडून येणारी आर्व्ह मात्र दळलेल्या दगडाचं पीठ घेऊन येते आणि राखाडी दिसते. दोन्ही पाणी बराच वेळ शेजारी-शेजारी वाहतं, मधली रेघ आखल्यासारखी स्पष्ट. वरच्या रेल्वेपुलावर पादचाऱ्यांसाठी वाट आहे, तिथून बघा. बर्फ वितळण्याच्या दिवसांत, मे ते जुलै, फरक सर्वांत ठळक.

उन्हाळ्यात शेकडो लोक वरच्या अंगाला रोनमध्ये उतरून तरंगत येतात. पण संगमाच्या टोकाआधी बाहेर पडलंच पाहिजे. आर्व्हचं पाणी एकदम थंड आणि ओढीचं आहे, आणि पुढे धरण आहे. विहिरीत किंवा स्विमिंग टँकमध्ये पोहायला शिकलेल्यांनी वाहत्या रोनमध्ये उतरू नये, हे मी दर वेळी अगदी आग्रहाने सांगते. पोहायचंच असेल तर बँ दे पाकीला जा (पुढे प्रश्न १६ पाहा).

१२. डिसेंबरमध्ये दुकानांत चॉकलेटची भांडी का दिसतात?

एस्कालाद या इथल्या उत्सवासाठी. ११ आणि १२ डिसेंबर १६०२ च्या मधल्या रात्री शेजारच्या साव्हॉयच्या ड्यूकचं सैन्य काळ्या रंगाने रंगवलेल्या शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढलं. जिनिव्हा तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळत होतं, त्यामुळे ती खरोखरच वर्षातली सर्वांत लांब रात्र होती, वेळ विचार करून निवडलेली. पण गजर झाला आणि लोक अंथरुणातून उठून हाती लागेल ते घेऊन लढले. इझाक मेर्सिये नावाच्या शिपायाने दोर कापून वेशीचं जाळीदार दार खाली पाडलं, त्यामुळे बाहेरची मुख्य फौज बाहेरच राहिली. आणि मेर रोयोम या बाईने, जिचं खरं नाव कातरीन शेनेल, खिडकीतून भाजीच्या सूपचं उकळतं भांडं शत्रूच्या डोक्यावर उलटं केलं. जिनिव्हाची १८ माणसं गेली, शहर वाचलं.

त्या भांड्याला मार्मित म्हणतात. डिसेंबरच्या सुरुवातीपासून प्रत्येक मिठाईवाल्याकडे चॉकलेटचं मार्मित असतं, तीन पायांचं, कडी असलेलं, वर शहराची राजमुद्रा. आत बदामाच्या मर्झिपानची बोटभर गाजरं, सलगम आणि कोबी, आणि लाल-पिवळ्या कागदातल्या गोळ्या. ते कापत नाहीत. जमलेल्यांतली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी व्यक्ती हातात हात धरून मूठ वर उचलते, «प्रजासत्ताकाचे शत्रू असेच नष्ट झाले» या अर्थाचं फ्रेंच वाक्य सगळे मिळून म्हणतात आणि मूठ खाली येते. मोठं मार्मित पहिल्या ठोशाला बहुधा फुटत नाही. आजोबांचा हात नातीच्या हातावर असतो म्हणून ते जोर आवरतात, तिला वाटतं आपल्यामुळेच राहिलं. तिसऱ्या ठोशाला तुकडे टेबलभर होतात.

१२ डिसेंबरच्या जवळच्या शनिवार-रविवारी जुन्या शहरात मशाली, घोडे, तोफांचे आवाज आणि शेवटी कॅथीड्रलपुढे होळी असते. आपल्याकडच्यांना ती होळी बघून फार आपलंसं वाटतं. त्या दिवसांत मोनेतिये नावाची अरुंद बोळ उघडतात, वर्षभर ती बंद असते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं. गरम सूप रस्त्यावर मिळतं. ते शाकाहारी आहे का हे विचारूनच घ्या, बऱ्याचदा मांसाच्या रश्शात केलेलं असतं.

१३. प्लँपालेच्या मैदानावर फाटक्या कपड्यांतला राक्षस कोण?

मेरी शेलीच्या कादंबरीतल्या फ्रँकेनस्टाइन या शास्त्रज्ञाने घडवलेला. १८१६ च्या उन्हाळ्यात मेरी शेली, कवी शेली आणि बायरन तळ्याकाठी कोलोन्यी गावात होते. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याच्या राखेने युरोपात उन्हाळा आलाच नाही. पाऊस आणि अंधाराला कंटाळून मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं आणि अठरा वर्षांच्या मेरीला ही कथा सुचली. कथेतला शास्त्रज्ञ जिनिव्हाचाच, आणि पहिला खून प्लँपालेला होतो. म्हणून २०१४ मध्ये पुतळा तिथे आला. चबुतरा नाही, तो जमिनीवर माणसांच्या गर्दीत उभा आहे. बुधवारी किंवा शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तेव्हा जा.

१४. सर्नमधली नटराजाची मूर्ती बघता येते का?

मूर्ती आहे, सुमारे दोन मीटर उंच, २००४ मध्ये भारत सरकारने दिलेली. पण ती प्रयोगशाळेच्या कुंपणाच्या आत आहे आणि मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीतही तिथे नेतीलच असं नाही. ओळखीचं कोणी सर्नमध्ये काम करत असेल तर त्यांना विचारा. तिच्याबद्दल फिरणाऱ्या निरोपांवर विश्वास ठेवू नका: तिथे कसलेही विधी होत नाहीत. भारतीय शास्त्रज्ञांचं सर्नशी दीर्घ सहकार्य आहे, त्याचं ते प्रतीक.

मूर्ती नाही दिसली तरी १८ नंबरच्या ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाच. २०२३ मध्ये उघडलेलं विज्ञान केंद्र मोफत आहे, सोमवारी बंद. मुलांना अर्धा दिवस पुरत नाही. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे आणि तो फ्रान्समध्ये जाऊन परत येतो. वेबचा जन्मही इथलाच, १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांच्या प्रस्तावातून.

१५. श्यामजी कृष्णवर्मांच्या अस्थी जिनिव्हात होत्या ना? आता तिथे काय आहे?

हो, सें-झॉर्झ दफनभूमीत होत्या. टिळकांच्या शिफारशीवरून सावरकर ज्या शिवाजी शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये लंडनला गेले, तिची घोषणा श्यामजींनी केली होती, आणि लंडनमधलं इंडिया हाउसही त्यांचंच. पुढे इंग्लंड सोडून ते पॅरिसला आणि तिथून जिनिव्हाला आले. ३० मार्च १९३० रोजी इथेच वारले. आपल्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी शंभर वर्षं जपून ठेवाव्यात, भारत स्वतंत्र झाल्यावर तिकडे न्याव्यात, अशी व्यवस्था त्यांनी पैसे भरून करून ठेवली होती. दफनभूमीने ती पाळली. २००३ मध्ये अस्थी भारतात नेल्या आणि आता कच्छमधल्या मांडवीला त्यांचं स्मारक आहे.

म्हणजे जिनिव्हात आता अस्थी नाहीत. तरी तिथे जाऊन यावंसं वाटणारे मराठी लोक भेटतात आणि मला ते समजतं. परदेशी माणसाने भरलेल्या पैशांचा आणि दिलेल्या सूचनेचा मान सत्तर वर्षांहून अधिक काळ राखला गेला, मध्ये एक महायुद्ध झालं तरी.

१६. फाँड्यू शाकाहारी आहे का? आणि चांगलं कुठे मिळेल?

फाँड्यू म्हणजे भांड्यात वितळवलेलं चीज. त्यात मांस नसतं, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, त्यात वाइन असते आणि बऱ्याचदा किर्श ही चेरीची दारूही. दोन, ग्रुयेर चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी, जैन किंवा दारू वर्ज्य असणाऱ्यांना ते चालणार नाही. वेटरने «व्हेजिटेरियन» म्हटलं तरी त्याच्या मनात रेनेट नसतं. आई-वडिलांना नंतर कळून त्रास होण्यापेक्षा आधी सांगावं.

ज्यांना चालतं त्यांनी बँ दे पाकीला जावं. तळ्यात घुसलेल्या धक्क्यावरचं हे सार्वजनिक स्नानगृह, आजची वास्तू १९३२ ची. १९८० च्या दशकात पाडायला निघाले होते, नागरिकांनी मतदान घडवून वाचवलं. हिवाळ्यात लाकडी बाकांवर अनोळखी लोकांच्या खांद्याला खांदा लावून फाँड्यू खायचं, शेजारी सौनामधून लालबुंद निघालेली माणसं गारठलेल्या पाण्यात उड्या मारत असतात. नोंदणी करून जा, गर्दी असते.

१७. रविवारी पोहोचतोय. काही उघडं असेल का?

दुकानं जवळजवळ सगळी बंद. कोर्नाव्हँ स्टेशन आणि विमानतळ इथली उघडी असतात. रविवारी संग्रहालयं, बागा आणि तळं ठेवा. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तिथे «नों पोताब्ल» अशी पाटी असते.

१८. बर्फात गुरफटलेल्या गाड्यांचे फोटो खरे आहेत का?

खरे. बीझ नावाचा ईशान्येचा वारा लाटा काठावर आपटवतो आणि थंडी पुरेशी असेल तर उडालेलं पाणी बाकं, झाडं आणि गाड्यांवर थरावर थर गोठतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये शेजारच्या व्हेर्स्वामध्ये असं झालं होतं. दर वर्षी होत नाही, त्यासाठी तिकीट काढू नका. झालंच तर लांबून बघा, पायाखालचा रस्ताही त्याच काचेचा झालेला असतो.

१९. वयस्कर मंडळींना जुनं शहर झेपेल का?

चढ आहे आणि रस्ते दगडी. बसने वरपर्यंत जा आणि उतरताना चाला. कॅथीड्रलच्या मनोऱ्याला १५७ पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सोडा. त्रेयच्या बाकावरून (प्रश्न ७) दृश्य छान आहे.

२०. फोनवर एकदम फ्रान्सचं नेटवर्क येतं. आपण कधी सीमा ओलांडली?

कदाचित ओलांडलीच नसेल. जिनिव्हा प्रांताची सीमा फ्रान्सशी शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि उरलेल्या स्वित्झर्लंडशी जेमतेम साडेचार. तळ्याकाठी उभं असतानाही फोन फ्रेंच मनोरा पकडतो. उलटही होतं: युरोपीय संघाच्या सिमवर स्वित्झर्लंड बऱ्याचदा धरलेलं नसतं आणि मोठं बिल येतं. नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

शहराच्या मागे जो सालेव्ह डोंगर दिसतो, ज्याला जिनिव्हाकर आपला म्हणतात, तो फ्रान्समध्ये आहे. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, एक प्रवेशाचा असला तरी, पण पासपोर्ट खिशात हवा. फ्रान्समधून खरेदी करून परतताना नियम आहेत: माणशी १५० फ्रँकपर्यंतच्या मालावर कर नाही (२०२५ पासून, आधी ३०० होते), आणि मांस माणशी एक किलोपर्यंत.

२१. विमानतळावरून भाड्याची गाडी स्वस्त मिळतेय, पण तिथे «फ्रेंच विभाग» लिहिलंय. घ्यावी का?

पुढचा प्रवास फ्रान्समध्येच असेल तर घ्या. विमानतळ स्विस भूमीवर आहे, पण त्याच्या एका भागातून स्वतंत्र रस्त्याने थेट फ्रान्सला जाता येतं. त्या विभागातली गाडी तिथेच परत करावी लागते, म्हणजे फ्रान्सकडून यावं लागतं. घाईत असताना हा वळसा विमान चुकवू शकतो. शिवाय फ्रेंच गाडीवर स्विस महामार्गाचा ४० फ्रँकचा वार्षिक कर भरलेला असतोच असं नाही. काचेवर स्टिकर आहे का किंवा गाडीचा नंबर ऑनलाइन नोंदवला आहे का, हे किल्ली घेण्याआधी विचारा.